एसीचं पांघरूण

शेवटी एसी चालू झाला आणि आई कुठेही गेली नाही.

हे वाक्य मी परत घेतो. असं काही घडलेलंच नाही. एसी मेलेला आहे, आईची सूटकेस दाराशी आ वासून पडली आहे, आणि बाहेर उणे सत्तेचाळीस आहे. वाचायला इथून सुरुवात करा.

सूटकेस निघाली ती माझ्या बहिणीच्या हुकमावरून. तुयारा ताई कालिनिनग्रादला असते, म्हणजे देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, समुद्राकाठी. आम्ही संध्याकाळी ताटावर बसतो तेव्हा तिथे दुपार असते, त्यामुळे ती नेहमी आमच्यापेक्षा ताजीतवानी असते आणि प्रत्येक वाद जिंकते. तिचं म्हणणं सरळ होतं. आईने उन्हाळ्याच्या आत आमचं हे याकुत्स्क सोडायचं आणि तिच्याकडे कायमचं राहायला यायचं. तिकिटं जानेवारीअखेरपर्यंत स्वस्त. आई त्या सूटकेसमध्ये रोज एक वस्तू भरायची आणि रोज एक काढायची. ह्याला ती तयारी म्हणायची.

आई, म्हणजे फेव्रोन्या, मुलांना खोमुस शिकवते. खोमुस हे तळहाताएवढं लोखंडी वाद्य. दातांशी धरायचं, बोटाने त्याची जीभ छेडायची, आणि पुढचं सगळं काम श्वासाचं. आईच्या श्वासातून पूर्वी वारा निघायचा, घोड्यांच्या टापा निघायच्या, कोकिळा निघायची. गेल्या जुलैपासून कोकिळा मधेच थांबते आणि आई खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहते.

जुलैत आमच्याकडे छत्तीस अंश होतं. तेवढ्याचं काही नाही, खिडकी उघडली की भागतं. पण जुलैत जंगलं पेटतात आणि धूर शहरात येऊन भाडेकरूसारखा राहतो. गेल्या वर्षी सूर्य माशाच्या अंड्यासारखा नारिंगी झाला होता, त्याच्याकडे भर दुपारी टक लावून बघता यायचं. खिडक्या बंद, फटींना ओले टॉवेल, आणि सगळी भिस्त भिंतीवरच्या एसीवर. ऐन धुरात एसीने एक लांब उसासा टाकला आणि गप्प झाला. मग आईनेही टाकला. तिचा निम्मा आतच अडकला. तिला इस्पितळात ठेवावं लागलं. डॉक्टर म्हणाले, "पुढच्या धुरात ह्यांना बंद, थंड खोली पाहिजे. ती नसेल तर जिथे धूर नाही असं गाव."

ताईने त्यातलं फक्त गाव ऐकलं. आईने फक्त खोली ऐकली.

एसी का मेला, ते मला ऑगस्टमध्ये कळलं. त्याचा बाहेरचा डबा आमच्या बाल्कनीच्या कोपऱ्यात आहे. मी तिथे सामान ठेवायला गेलो तर डबा दिसेना. होता तिथेच होता, पण गाडीच्या जाड पांघरुणाखाली. इथे हिवाळ्यात गाड्यांना पांघरूण घालतात. पाण्याच्या पंपांना घालतात, जनरेटरला घालतात; ज्याच्या पोटात इंजिन आहे त्याला थंडी वाजते, असं आमच्या शहराचं मत आहे. आदल्या ऑक्टोबरमध्ये आईला तो डबा कोपऱ्यात एकटा कुडकुडताना दिसला. तिने बाबांच्या जुन्या गाडीचं पांघरूण त्याच्या अंगावर टाकलं, कडा खोचल्या, वरून दोरी बांधली. मे महिन्यात ते काढायचं कुणालाच सुचलं नाही. पांघरूण घातलेली वस्तू दिसली की इथे डोळा आपोआप पुढे सरकतो, झोपलेल्या माणसाला बघून सरकतो तसा. आणि मग जुलैच्या उकाड्यात तो डबा आमच्या घरातली सगळी उष्णता बाहेर टाकत राहिला, आणि ती सगळी त्याच्याच पांघरुणात साठत राहिली.

"म्हणजे तोही गुदमरला, माझ्याआधी," आई म्हणाली. त्यानंतर तिने बाल्कनीचं नाव काढलं नाही.

जानेवारीत मी एसीवाल्याला फोन केला.

"प्रोकोपी दादा का?"

"कोण बोलतंय?"

"केस्किल. तुम्ही आमचा एसी बसवला होता. तो बिघडलाय."

"बाहेर बघ जरा," तो म्हणाला.

"बघितलं. धुकं आहे. काही दिसत नाही."

"मग एसी कशाला पाहिजे तुला?"

"जुलैसाठी."

"जुलै," तो म्हणाला. फार दिवसांत कुणी त्याच्या गावाचं नाव घेतलं नसावं अशा आवाजात.

याकुत्स्कमध्ये हिवाळ्यातला एसीवाला म्हणजे ज्याला कुणीही कधीही फोन करत नाही असा माणूस. प्रोकोपी दादा त्या काळात तळ्यावर बर्फाखाली जाळी लावतो आणि कुणाशी बोलत नाही. तो आला तेव्हा त्याच्या एका हातात हत्यारांची पेटी होती आणि दुसऱ्या काखेत काठीसारखा ताठ गोठलेला मासा. जानेवारीत गिऱ्हाइकाकडे जायची रीत काय असते हे त्याला माहीत नव्हतं, म्हणून पाहुण्यासारखा भेट घेऊन आला होता.

बाल्कनीत जाऊन, हातमोजे न काढता, त्याने डब्याला इथे तिथे चाचपलं. आत येऊन चहा घेतला. पापण्यांवरचा बर्फ चहात पडू दिला.

"कॉम्प्रेसर गेलाय," तो म्हणाला. "गॅसही नव्याने भरावा लागेल. बत्तीस हजार रूबल."

"आणि नवा घेतला तर?" आईने विचारलं.

"बसवण्यासकट ऐंशी. आमच्या धंद्यात हिशोब असा आहे, काकू, दुरुस्ती नव्याच्या निम्म्यावर गेली की जुन्याला निरोप द्यायचा. हा निम्म्याच्या आत आहे. म्हणजे त्याला अजून हक्क आहे."

आईने कप खाली ठेवला. "माणसांसाठी पण असा हिशोब असतो का रे?"

प्रोकोपी दादाने दाराशी पडलेल्या सूटकेसकडे बघितलं. "माणसांचं मुलं ठरवतात."

"मुलगी," मी म्हणालो. "मुलाला कोण विचारतंय."

"करायचं तर आत्ता करा," तो म्हणाला. "आत्ता नदी गोठलेली आहे, पलीकडच्या स्टेशनातून कॉम्प्रेसर ट्रकमध्ये बसून बर्फावरून येतो. उन्हाळ्यात तोच बोटीने येतो आणि बोटीचं भाडं तुमच्याकडून घेतो. बर्फ फुटायच्या दिवसांत तर येतच नाही, पलीकडच्या काठावर उभा राहून आपल्याकडे बघतो. आणि जुलैत मला सगळं शहर एकदम बोलावतं. मी कुणाकुणाकडे मरू?"

"मग ठरलं," आई म्हणाली. नवी टोपी घ्यायला ती पैसे साठवत होती. सेबलच्या फरची, कानांवर येणारी. ती उठली, आतून पाकीट आणलं. उणे सत्तेचाळीसमध्ये टोपीचे पैसे देऊन गारवा विकत घेणारी बाई मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली, आणि ती माझी आई होती.

"एक अडचण आहे," पाकीट खिशात घालून झाल्यावर प्रोकोपी दादा म्हणाला. "तो चालतो की नाही, ते आत्ता कळणार नाही."

"म्हणजे?"

"ह्या थंडीत त्याच्यातलं तेल मधासारखं घट्ट होतं. चालू केला तर नवा कॉम्प्रेसर पहिल्याच झटक्याला जायचा. जूनमध्ये लावून बघायचा. चालला तर चालला."

"आणि नाही चालला तर?"

"तर जून."

त्या संध्याकाळी ताईचा फोन आला. आईने तिला सगळं सांगितलं, अगदी काखेतल्या माशासकट. ताई शांतपणे म्हणाली, "आई, तू एक न चालणारं यंत्र टाकून दुसरं न चालणारं घेतलंस. चालतो हे दाखव, मी तिकीट काढत नाही. नाही दाखवलंस तर महिनाअखेरीला काढते. मागच्या वेळेसारखा इस्पितळातून फोन मला परत नकोय."

तिचं काही चुकत नव्हतं. ताईचा त्रास हाच आहे.

आमचे वाडवडील सांगायचे की हिवाळा हा एक पांढरा बैल आहे. समुद्राकडून येतो, शहरावर बसतो, आणि त्याच्या श्वासाचं हे धुकं होतं. जानेवारीच्या अखेरीला त्याचं पहिलं शिंग मोडतं. तिकिटांची मुदतही तेव्हाच संपत होती. बैलाचा आणि विमान कंपनीचा काही व्यवहार असेल तर मला कल्पना नाही. त्या दिवसांत धुकं इतकं दाट होतं की माणसं दिसायच्या आधी त्यांची पावलं ऐकू यायची, आणि कधी कधी पावलं येऊन निघून जायची, माणूस येतच नसे. श्वास सोडला की तो कानाशी गोठून बारीक कुजबुजतो. ताऱ्यांची कुजबुज म्हणतात त्याला. त्या आठवड्यात तारे माझ्या कानाशी सारखे एकच विचारत होते: जाणार का, राहणार का. मी कॉलर वर करून चालत होतो.

नवा कॉम्प्रेसर आला, बसला, गॅस भरून झाला. डबा बाल्कनीत निजल्यासारखा पडून राहिला. आई रोज काचेला नाक लावून त्याच्याकडे बघायची. एका सकाळी मी कामावरून येऊन बूट काढत होतो, तर ती म्हणाली, "केस्किल, तू रोज सकाळी करतोस तरी काय?"

"गाड्या उठवतो. माहिती आहे तुला."

"कशा उठवतोस?"

"रात्रभर थंडीत राहिलेल्या असतात. वरून पांघरूण सोडायचं, खालून तोफ लावायची." तोफ म्हणजे गरम हवेचा मोठा पंखा. माझी सगळी मिळकत म्हणजे एक तोफ आणि दोन पांघरुणं. "मग सिगरेट न ओढता वाट बघायची."

"आणि तेल?"

"पातळ होतं."

आई काचेपासून हलली नाही. "मग ह्याला काय वेगळा बाप आहे?"

मी एका पायात बूट घालून तसाच उभा राहिलो.

"पांघरुणानेच मेला ना तो," आई म्हणाली. "पांघरुणानेच उठव."

प्रोकोपी दादाला फोनवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे उन्हाळा करायचा? बाल्कनीत?"

"लहानसा."

"मी निघालोच."

दुपारी धुक्याच्या आत कुठेतरी सूर्य उगवलेला होता. आकाश दिसत नव्हतं, पण धुकं गुलाबी झालं होतं, दुधात बेरी चुरडल्यासारखं. बाल्कनी म्हणजे आमचा फ्रीजर. तिथला घोड्याच्या मांसाचा अर्धा पाय आणि सगळे मासे आधी बाहेर काढायला लागले. ते जिन्यात उभे करून ठेवले. डब्याभोवती आणि वरून पांघरुणाचा तंबू केला, आत तोफ सोडली. बाबांच्या गाडीचं पांघरूण हळूहळू फुगलं आणि आत कुणी श्वास घेत असावं तसं वरखाली व्हायला लागलं.

घरात गरम करायला काहीच लागलं नाही. आमच्या इमारतीत हिवाळ्यात पाइप असे तापतात की माणसं जानेवारीत चड्डी-बनियनवर फिरतात. तरी आईने ओव्हन लावला आणि पॅनकेक करायला घेतले. आत जाऊन ती फुलाफुलांचा बिनबाह्यांचा झगा घालून आली.

"हे काय?" मी विचारलं.

"उन्हाळा आहे ना," ती म्हणाली. "मी स्वेटर घालून बसले तर त्याला संशय येईल."

प्रोकोपी दादानेही शर्ट काढला. गळ्यात दाब मोजायची दोन घड्याळं अडकवून, बनियनवर, तो पोहायला निघाल्यासारखा दिसत होता. तंबूत हात घालून त्याने डब्याची पाठ चाचपली. "उठतोय," तो म्हणाला. "घाई नको."

तेवढ्यात दार वाजलं. खालच्या मजल्यावरच्या अकुलिना बाई आल्या होत्या. त्या आमच्या इमारतीच्या निवडून आलेल्या प्रमुख. त्यांच्या विरोधात कुणी उभंच राहिलं नव्हतं, कारण उभं राहायचा अर्जही त्यांच्याकडेच द्यावा लागतो. अंगावर फरचा कोट, डोक्यावर आईला हवी होती तशी टोपी.

"जिन्यात घोडा कुणाचा?" त्यांनी विचारलं.

"अर्धा आहे," मी म्हणालो.

"अर्ध्याला पण परवानगी लागते." मग त्यांना आईचा झगा दिसला, प्रोकोपी दादाचं बनियन दिसलं, लोण्याचा वास आला. "काय चाललंय?"

"उन्हाळा," आई म्हणाली. "या ना. कोट काढा."

अकुलिना बाईंनी नियम आठवून बघितला. जानेवारीत उन्हाळा करू नये असं कुठे लिहिलेलं नव्हतं. त्यांनी कोट काढला, मग टोपी, मग वरचा स्वेटर, मग खालचा, आणि प्रत्येक थराबरोबर त्या लहान होत गेल्या. शेवटी आमच्या सोफ्यावर एक गोल चेहऱ्याची, घाम पुसणारी बाई उरली. तिने पॅनकेकचा एक तुकडा लोण्यात बुडवून आधी ओव्हनच्या ज्योतीला दिला. आमच्यात आगीला पहिला घास देतात. मग इकडेतिकडे बघून दुसरा तुकडा एसीखालच्या टेबलावर ठेवला.

"ह्याला चालतं का, माहीत नाही," ती म्हणाली. "पण त्याला वाईट नको वाटायला."

आणि मग डास आला.

कुठून, ते सांगता येणार नाही. बहुतेक बाल्कनीच्या कपाटातून काढलेल्या दुसऱ्या पांघरुणाच्या घडीत तो जुलैपासून गोठून पडला असेल. दिव्याभोवती एक फेरी मारून तो प्रोकोपी दादाच्या उघड्या खांद्यावर बसला. आम्ही सगळे त्याच्याकडे बघत राहिलो. प्रोकोपी दादाने हात हलवला नाही. डास पोटभर जेवला.

"झाला उन्हाळा," प्रोकोपी दादा हळूच म्हणाला. "आता चालू करा."

मी बटण दाबलं.

आधी काहीच झालं नाही. मग भिंतीवरची पट्टी उघडली. बाल्कनीतून एक लांब, खालच्या सुरातली गुणगुण यायला लागली. जुन्या कॉम्प्रेसरचा आवाज वेगळा होता. हा खोलातून येत होता, नदीच्या बर्फाखालून यावा तसा. आईने खोमुस उचललं, दातांना लावलं, आणि त्या गुणगुणीचा सूर धरला. डबा आणि ती किती वेळ एकाच सुरात होते, सांगता येत नाही. अकुलिना बाईंचे डोळे मिटले. धुकं काचेला टेकून ऐकत होतं. माझ्या डोळ्यांसमोर जूनचं कुरण आलं, पहाटे हात वर करून सूर्याची वाट बघणारी माणसं आली, आणि कुणीतरी माझा हात धरून मला त्यांच्या गोल नाचात ओढलं. तो प्रोकोपी दादा होता. त्याला पाना हवा होता.

पट्टीतून गार हवा आली. अकुलिना बाईंनी गळा पुढे केला. "अगं बाई, काय बरं वाटलं," त्या म्हणाल्या. काचेपलीकडे उणे सत्तेचाळीस, आणि आम्ही चौघं गारव्यासाठी रांगेत.

मी ताईला फोन लावला, चित्रासकट. एसी दाखवला, पट्टी दाखवली, पट्टीपुढे फडफडणारा आईचा रुमाल दाखवला.

ताईने सगळं नीट बघितलं. "गार हवा येतेय," ती म्हणाली.

"येतेय ना?"

"केस्किल, तुझ्या घराबाहेर उणे सत्तेचाळीस आहे. तू भिंतीला भोक पाडलंस तरी गार हवाच येईल. हा काय पुरावा झाला?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. थंड गावात थंडी कुणी केली हे सिद्ध करता येत नाही. ती आधीच सगळीकडे असते. अकुलिना बाई स्वेटर शोधायला लागल्या. आई खोमुस हातात घेऊन उभी होती आणि मला तिच्या मागे सूटकेस दिसत होती.

"थंडी दाखवू नका," प्रोकोपी दादा म्हणाला. तो अजून घड्याळांकडेच बघत होता. "थंडी फुकट आहे. ऊब दाखवा. एसी घरातली ऊब उचलून बाहेर टाकतो. तोफ बंद करा, आणि बाहेर काय पडतंय ते त्यांना दाखवा."

मी तोफ बंद केली. आईने झग्यावरच कोट चढवला आणि बाल्कनीत गेली. मी फोन घेऊन मागे. दार उघडताच धुक्याचा लोट आत आला आणि फ्रीजर उघडल्यासारखा जमिनीवरून पसरला. आईने पांघरुणाची एक कड उचलली, उजव्या हाताचा मोजा काढला, आणि उघडा हात त्या फटीपुढे धरला.

आतून वारा येत होता. ऊबदार, सलग, जुलैसारखा. त्यात धुराचाही वास होता. गेल्या उन्हाळ्याची काजळी डब्याच्या पत्र्यांत अडकून राहिली होती, ती आता सुटत होती. मी आईच्या छातीकडे बघत होतो. ताईही तिकडून तेच बघत असणार. आई खोकली, एकदाच. पण श्वास अडकला नाही, चालू राहिला.

"तुयारा," ती म्हणाली, "हा माझा हात. बिनमोज्याचा."

"आई, आत जा."

"हा वारा थांबला तर माझी बोटं जातील. थांबतोय का बघ."

"आई, असलं काही करू नकोस. किती वेळ धरणार आहेस?"

"तू हो म्हणेपर्यंत."

पांघरुणाच्या कडेवरचा बर्फ वितळायला लागला होता. एक थेंब जमला, लोंबला, आणि सुटला. जानेवारीत आमच्या शहरात पाणी पडत नाही. खालून अकुलिना बाईंच्या नवऱ्याचा आवाज आला, "अकुलिना, खिडकीसमोरून थेंब गेला." उत्तर द्यायला त्या घरी नव्हत्या, त्या आमच्या दारात स्वेटर उलटा घालून उभ्या होत्या.

ताईचे ओठ हलले. आणि फोन बंद पडला.

थंडीत फोन असाच जातो, न सांगता. मी बटण दाबलं, काही नाही. आई हलली नाही. "काय म्हणाली?"

"फोन गेला."

"म्हणाली काय?"

"ऐकू नाही आलं. हात आत घे."

"तिने हो म्हटल्याशिवाय नाही."

"तिला कसं कळणार तू अजून उभी आहेस?"

"मला कळतंय ना."

तिच्याशी वाद घालायला वेळ नव्हता. मी फोन पांघरुणात खुपसला, तिच्या हाताशेजारी, त्या वाऱ्यात. दोघं तिथेच. प्रोकोपी दादा बनियनवर दारात आला आणि घड्याळांकडे बघायचं सोडून डब्याकडे बघायला लागला, आजाऱ्याच्या उशाशी बसतात तसा. गुणगुण चालू होती. आईची बोटं गुलाबीच होती. तिच्या पापण्या पांढऱ्या झाल्या होत्या, केसांवर दव गोठलं होतं, फक्त तो एक हात उन्हाळ्यात होता.

मग पांघरुणाच्या आत फोन वाजला.

"मी हो म्हटलं होतं," ताई रडत होती आणि चिडलीही होती. "केव्हाच म्हटलं होतं. तुम्ही सगळे ठार वेडे आहात. हात आत घे तिचा."

"तिकीट?" आईने विचारलं.

"नाही काढत. पण धूर आल्यावर ही खोली गार नसली, तर मी स्वतः येऊन तुला उचलून नेईन."

"ये की," आई म्हणाली. "पॅनकेक करते."

तिने मोजा घातला. आम्ही दार लावलं. खोलीत धुकं आणि लोण्याचा वास एकमेकांत मिसळले होते, आणि डास कुठे दिसत नव्हता. अकुलिना बाईंनी त्याला दोनदा हाक मारली.

उन्हाळा आवरायला फार वेळ लागला नाही. मासे जिन्यातून परत बाल्कनीत गेले, घोडा गेला. प्रोकोपी दादाने शर्ट घातला आणि जाताना खांद्यावरची गाठ आम्हाला पुन्हा एकदा दाखवली. तळ्यावरच्या लोकांना तो ती दाखवणार होता. ते विश्वास ठेवणार नव्हते. आईने सूटकेसमधली उरलेली वस्तू काढली आणि नवीन काही भरलं नाही. रिकामी सूटकेस तिने बाल्कनीच्या दाराशीच ठेवली. मे महिन्यात पांघरूण काढून त्यात भरायचं. सूटकेसला पाय अडखळला की आठवेल, असं तिचं म्हणणं.

अकुलिना बाई सगळे थर परत चढवून पुन्हा इमारतीच्या प्रमुख झाल्या होत्या. तरी त्या दारातून हलेनात.

"एसी चालेल हो," त्या म्हणाल्या. "पण धूर कमी येईल असं थोडंच आहे. दार उघडावं लागतंच कधीतरी. मी पण असते त्या धुरात. मला कुठे आहे मुलगी समुद्राकाठी."

आईने त्यांना उरलेले पॅनकेक बांधून दिले.

"बाकी, विनापरवाना उन्हाळा केल्याबद्दल अर्ज द्यावा लागेल," अकुलिना बाई म्हणाल्या. "मागच्या तारखेचा चालेल. मी शिक्का मारून पुढे पाठवते."

"पुढे कुणाकडे?" मी विचारलं.

"ते तुम्ही काय मागता त्यावर आहे."

आईने चष्मा लावून मजकूर सांगितला आणि मी लिहून घेतला:

"अर्जदार चौथा मजला, डावीकडचे दार, येथे राहतात. सदर घरी यंदाचा उन्हाळा जानेवारीत, साक्षीदारांच्या व एका डासाच्या उपस्थितीत, येऊन गेला आहे. एकाच घरास एका वर्षात दोन उन्हाळे देण्याची तरतूद आमच्या पाहण्यात नाही. तरी येत्या जुलैत जंगलांतून शहराकडे येणाऱ्या धुराने वरील दार, आणि शक्य असल्यास त्याखालचे अकुलिना बाईंचे दार, वगळून पुढे जावे, व वगळल्याची लेखी पोच अर्जदारास धूर निघण्यापूर्वी द्यावी, ही विनंती."